मुरडीची पत्ती

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपल्यासारख्या घरांतून दोन कामे एकदम निघतात. एक भाजणीचे आणि दुसरे फेकणीचे. भाजणीचे काम स्वयंपाकघरात चालते आणि त्याचा सुवास जिन्यापर्यंत येतो. फेकणीचे काम माळ्यावर, पलंगाखाली आणि बाहेरच्या खोलीत चालते आणि त्याची धूळ शेजाऱ्यांपर्यंत जाते. या फेकणीत पहिला बळी कोणाचा जातो, हे वाचकांना सांगावयास नकोच. तो जातो जुन्या लाकडी सामानाचा. वडिलांचे टेबल, आजीचा पाट, आजोबांची आरामखुर्ची. वर्षानुवर्षांचे पॉलिश काळे पडून चिकट झालेले असते, त्यावर पेल्यांची वर्तुळे उमटलेली असतात, आणि नव्या रंगविलेल्या भिंतीपुढे तो प्रकार अगदीच केविलवाणा दिसू लागतो. मग जुने सामान घेणाऱ्याला हाक जाते.

हाक मारण्यापूर्वी वाचकांनी एक अर्धा तास थांबावे, अशी माझी विनंती आहे. यंदाच्या दिवाळी अंकात या सदरातून मी ज्या हत्याराची ओळख करून देणार आहे, ते दिसायला इतके सामान्य आहे की सुताराच्या पेटीत ते पडलेले असले तर कोणी हत्यार म्हणून उचलणारसुद्धा नाही. त्याला मूठ नाही, दाते नाहीत, पाते बसविण्याचे घर नाही. ती केवळ एक चौकोनी पोलादी पत्ती. साधारण १५० मिलिमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरहूनही थोडी पातळ. पोस्टकार्ड आडवे धरावे तशी ती दोन्ही हातांत धरायची. हत्यारांच्या दुकानात ‘स्क्रेपर’ म्हणून मागावी. आमच्या घरात हा शब्द प्रथम आला तेव्हा ‘म्हणजे खवणी का?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला होता. पण खवणीला दाते असतात, हिला नसतात. मी आपले तिला ‘पत्ती’च म्हणणार आहे.

विकत मिळाली नाही तरी अडत नाही. जुन्या हातकरवतीचे पाते हा या पत्तीचा उत्तम कच्चा माल होय. करवतीचे पोलाद मोठे समजूतदार असते. कानशीने घासले जाईल इतके मऊ, धार टिकवील इतके कठीण आणि बोटांनी वाकविले तर वाकून पुन्हा सरळ होईल इतके लवचीक. दाढीचे पाते फार कडक, डब्याचा पत्रा फार मऊ, दोन्ही निरुपयोगी. करवतीचे पाते कापून घेताना मात्र ते यंत्रावर निळे पडेपर्यंत तापू देऊ नये. निळे पडले की पोलादाचा पाणीदारपणा गेला.

आता ही बिनदात्याची, बोथट दिसणारी पत्ती लाकूड कापते तरी कशी? याचे उत्तर दिवाळीच्या फराळातच आहे. करंजीला मुरड घालताना काय करतो? काठ सरळ असतो. बोटाने दाबून तो थोडा बाहेर काढतो आणि लगेच वळवितो. या पत्तीच्या काठालाही अगदी अशीच मुरड घालावयाची असते. तिच्याहून कठीण अशी गुळगुळीत पोलादी सळई काठावर दाबून फिरविली की काठाचे पोलाद कणभर बाहेर येते आणि वळते. ही मुरड डोळ्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. बोटाला मात्र लागते. लाकूड कापते ती हीच. मुरड नसलेली पत्ती नुसती घासते, कापत नाही. ज्यांनी ही पत्ती एकदा विकत आणून ‘हिच्यात काही राम नाही’ म्हणून टाकून दिली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती दुकानातून आणली तशीच वापरलेली असते.

रंधा हातात असताना हिची गरज काय, असे कोणी विचारील. रंध्याचे पाते लाकडात तिरके घुसते. लाकडाचे तंतू सरळ असतील तोवर ते सुरेख चालते. पण गाठीजवळ किंवा जेथे तंतू उलटे फिरले आहेत तेथे पाते पुढच्या तंतूंना खालून उचकटते आणि खपली निघते. शिसवीवर काम केलेल्या कोणाही मिस्त्रीला हे दुःख ठाऊक असते. पत्ती जवळजवळ उभी चालते आणि तिची मुरड सूक्ष्म असते. पापुद्रा सुटतो न सुटतो तोच धारेपाशी मोडतो, म्हणून पुढचे तंतू उचकटण्याइतका जोर त्याला मिळत नाही. वायोलिनच्या पाठीसाठी जे लहरी-लहरींचे मेपल लाकूड वापरतात, त्यात तंतू बोटाबोटाला दिशा बदलतात. वायोलिन बनविणारे कारागीर त्या पाठीवर शेवटचा हात आजही अशाच पातळ पत्तीने फिरवितात. आपल्याकडचे जुने मिस्त्री फुटक्या काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडीत, ते मी लहानपणी पाहिले आहे. तत्त्व तेच. मात्र काचेची धार गेली की तुकडा फेकावा लागतो, आणि बोट कापले तर तेही निस्तरावे लागते. पत्तीला पुन्हा मुरड घालता येते.

या सगळ्याची मला गेल्या दिवाळीत मुद्दाम आठवण झाली, ती शेजारच्या वहिनींमुळे. त्यांच्या सासऱ्यांनी नोकरी लागली त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, सागवानी लिहिण्याचे टेबल करून घेतले होते. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली. टेबलाचा माथा काळाकुट्ट झाला होता आणि उन्हाळ्यात त्याला वह्या चिकटत. जुने सामान घेणाऱ्याने दोन हजार रुपये देऊ केले होते.

‘भावजी, तुम्ही यातले जाणकार,’ वहिनी म्हणाल्या, ‘सांगा बघू, हे ठेवण्याजोगे आहे का? ठेवायचे तर मिस्त्री म्हणतो, यंत्र लावून घासून देतो, एका दिवसात कोरे करतो. पण आमच्या धाकटीला दमा. दोन खोल्यांत ते यंत्र चालवायचे म्हणजे...’

वहिनींची भीती रास्त होती. घासण्याच्या यंत्राने लाकडाचे पीठ होते. ते हवेत तरंगते, पडद्यांत बसते आणि छातीत जाते. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे. जन्मभर कारखान्यात ती धूळ खाणाऱ्या कामगाराचा धोका आणि एका दिवसाच्या कामाचा धोका एक नव्हे, हे खरे; पण दम्याच्या मुलीला एक दिवसही पुरतो. पत्तीने जे निघते ते बहुतांशी पापुद्रे असतात. ते जमिनीवर पडतात आणि केरसुणीने गोळा होतात.

मी टेबलाच्या खालच्या बाजूला, जेथे पॉलिश नव्हते, तेथे नखाएवढी जागा खरवडून पाहिली. आत सोनेरी सागवान, अखंड आणि ठणठणीत. ‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘हे दोन हजारांना देणे म्हणजे दाणे ठेवून टरफले विकल्यासारखे नाही, टरफलांच्या भावात दाणे विकल्यासारखे आहे.’ रविवारी सकाळी धाकटीला मामाकडे पाठवावयाचे ठरले आणि मी आदल्या रात्री पत्तीला धार लावावयास बसलो.

धार लावण्याची ही रीत वाचकांनी सावकाश वाचावी. सगळी कला हिच्यातच आहे.

प्रथम कानस. पत्ती दोन सरळ पट्ट्यांमध्ये धरून शिकंज्यात आवळावी. काठ पट्ट्यांच्या वर दोनएक मिलिमीटर राहू द्यावा. बारीक दात्यांची सपाट कानस दोन्ही हातांनी आडवी धरून काठाच्या लांबीने फिरवावी. पट्ट्यांचे माथे नजरेसमोर असल्याने कानस कलते की काय ते लगेच कळते. काठ पत्तीच्या अंगाशी नेमका काटकोनात हवा. काठ गोलसर झाला तर पुढची सारी मेहनत व्यर्थ. जुनी मुरड पूर्ण निघून काठ एकसारखा चमकू लागला की थांबावे.

मग धारेचा दगड. कानशीचे ओरखडे काठावर राहिले तर मुरडही खरबरीत येते आणि लाकडावर रेघा उमटतात. दगडावर एक लाकडी ठोकळा ठेवून त्याच्या आधाराने पत्ती अगदी उभी धरावी आणि काठ पुढेमागे घासावा. एकाच जागी घासू नये, दगडाला खाच पडते. नंतर पत्ती दगडावर आडवी निजवून दोन्ही अंगे काठापाशी घासावीत. काठ आणि अंग जेथे मिळतात तो कोपरा आरशासारखा स्वच्छ झाला पाहिजे. लांब काठ दोन आणि प्रत्येकाला असे कोपरे दोन. म्हणजे एका पत्तीत चार धारा मिळतात.

आता सळई. ती पत्तीहून कठीण आणि काचेसारखी गुळगुळीत असावी. खास सळई विकत मिळते. नसेल तर चांगल्या पटाशीची पाठ चालते. मोटारीच्या इंजिनातील जुन्या वाल्व्हची दांडीही फार छान काम देते, ती गॅरेजवाल्याकडे मागावी. साधा पेचकस बहुधा मऊ निघतो आणि पत्तीच उलट त्याला कोरते.

पत्ती टेबलाच्या कडेशी आडवी ठेवावी. तिच्यावर तेलाचा एक थेंब पसरावा. सळई जवळजवळ सपाट ठेवून काठाच्या लांबीने आठदहा वेळा दाबून ओढावी. याने कोपऱ्याचे पोलाद किंचित बाहेर येते. करंजीचा काठ मुरडण्यापूर्वी आपण दाबतो, तेच हे. त्यानंतर पत्ती शिकंज्यात उभी आवळावी. पहिले एकदोन हात सळई काठावर अगदी आडवी, म्हणजे काटकोनात धरून द्यावेत. मग सळईचे टोक थोडे खाली झुकवावे, पाच ते दहा अंश, त्याहून जास्त नाही. मध्यम जोराने दोन किंवा तीन हात. बस्स! येथे उत्साही माणसे चुकतात. फार जोर दिला किंवा फार झुकविले की मुरड इतकी वळते की ती लाकडाला लागतच नाही. करंजीची मुरड जाड झाली तर ती कच्ची राहते. येथेही नाजूक हाताचीच गरज आहे.

मुरड आली की नाही हे पाहण्यासाठी अंगठा पत्तीच्या अंगावरून काठाकडे, बाहेरच्या दिशेने, हलकेच सरकवावा. काठाशी अंगठा किंचित अडला की समजावे, जमले. काठाच्या लांबीने मात्र बोट कधीही फिरवू नये. तशाने ते कापते.

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही टेबलाला हात घातला. खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क. चिकटलेला थर लाखेच्या पॉलिशचा आहे की काय, हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा ठेवला. मिनिटभरात थर मऊ झाला. स्पिरिटमध्ये विरघळते ते लाखेचे पॉलिश, ही सोपी परीक्षा आहे. असा वरवरचा गाळ आधी स्पिरिटने पुसून घेतला तर पत्ती लवकर बोथट होत नाही. शिवाय जुने पॉलिश काढण्यासाठी चारपैकी एक धार खर्ची टाकावी आणि बाकीच्या तीन उघड्या लाकडासाठी राखून ठेवाव्यात.

पत्ती धरण्याची रीत अशी. दोन्ही हातांची बोटे पुढच्या बाजूला, अंगठे मागे मधोमध. अंगठ्यांनी दाबून पत्ती किंचित बाक देऊन धरावी, म्हणजे तिचे टोकदार कोपरे लाकडात रुतत नाहीत. पत्ती प्रथम उभी टेकवावी आणि आपल्यापासून दूर ढकलीत हळूहळू पुढे कलती करावी. एका कोनावर ती लाकूड ‘पकडते’, हाताला ते स्पष्ट कळते. तोच तिचा कोन. तंतूंच्या दिशेने, पण पत्ती जराशी तिरपी ठेवून, लांब हात मारावेत. एकाच डागामागे लागून तेथेच खरवडीत बसू नये. खळगा पडतो आणि पॉलिश केल्यावर दिव्याच्या उजेडात तो ओरडून सांगतो. डाग खोल असेल तर त्याच्या भोवतीचीही मोठी जागा घेत जावी.

पत्तीखाली काय निघते तिकडे सारखे लक्ष असावे. चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे तलम पापुद्रे निघत असतील तर सर्व ठीक. भुकटी निघू लागली की मुरड गेली. सागवानात वाळूच्या जातीचा सिलिका हा कठीण पदार्थ असतो, त्यामुळे तेथे ती जरा लवकरच जाते. अशा वेळी लगेच कानशीकडे धावण्याचे कारण नाही. पत्ती आडवी ठेवून सळईने काठ पुन्हा सपाट दाबावा आणि नवी मुरड घालावी. असे चारपाच वेळा करता येते; त्यानंतर कानस. आणखी एक गोष्ट म्हणजे, पत्ती तापते. दहा मिनिटांत अंगठे चांगलेच भाजतात. अंगठ्यांना कापडी चिकटपट्टी गुंडाळावी, किंवा फ्रिजच्या दारावरचे पातळ रबरी चुंबक पत्तीच्या पाठीशी लावावे.

अकराच्या सुमारास टेबलाचा निम्मा माथा सोनेरी झाला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांच्यामागून सासूबाई काठी टेकीत आल्या. त्यांनी उघड्या लाकडावरून हात फिरविला. मग उजव्या कोपऱ्यातल्या बशीएवढ्या निळ्याकाळ्या डागाकडे पाहिले. मी पत्ती त्याच दिशेने नेत होतो.

‘अरे, तो काढणार तू?’

‘निघेल, आजी. थोडा खोल आहे, पण निघेल.’

‘तसे नव्हे रे.’ त्या खुर्चीवर बसल्या. ‘ह्यांची दौत तिथे असायची. महेश झाल्याची तार आली, ती वाचताना लवंडली. मी माहेरी होते. पत्रात लिहिले होते त्यांनी, अर्धे पत्र शाईच्या डागावरच होते. तेवढा डाग राहू दे.’

वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. बाकीचा माथा कोरा आणि मधेच एक डाग, हे त्यांना विचित्र वाटत असावे. पण सासूबाईंपुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘भावजी, नुसते वरचे काळे काढून शाई तेवढी ठेवता येईल?’

येथे मला या पत्तीचे खरे मोल सांगावयाचे आहे. यंत्राला डाग आणि आठवण यांतला भेद कळत नाही. ते सगळे एका मापाने खाली आणते. पत्तीचा एक पापुद्रा केसाहूनही पातळ असतो. किती काढायचे आणि कोठे थांबायचे, हे शेवटच्या पापुद्र्यापर्यंत माणसाच्या हाती राहते. मी डागावरचे पॉलिश तेवढे हलक्या हाताने काढले आणि शाई दिसू लागताच थांबलो. सासूबाई शेवटपर्यंत तेथे बसून होत्या. दुपारी जुने सामान घेणाऱ्याचा फोन आला, तो त्यांनीच घेतला.

आता काही इशारे, आणि ते मनावर घ्यावेत. लाकडावर पॉलिश नसून जुना तैलरंग असेल तर त्याला पत्ती लावू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग अशी कायद्याची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून जुन्या रंगाची भुकटी घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, उडू देता कामा नये. प्लायवुडवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. तेथे पत्ती दोन हातांत आरपार जाते, म्हणून सामान भरीव लाकडाचे आहे याची कडेकडून खात्री करून घ्यावी. देवदारासारख्या मऊ लाकडावर पत्ती नीट चालत नाही, तंतू नुसते दबतात. साग, शिसव, बाभूळ, फणस ही तिची आवडती लाकडे.

आणि दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून शेवटचा इशारा सर्वांत मोठा. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असते आणि त्याची वाफ ज्योतीवर पेट घेते. पॉलिशचे काम पणत्या लागण्याच्या आत, दिवसाउजेडी उरकावे. उदबत्तीदेखील त्या खोलीत नको. जवसाचे तेल वापरणार असाल तर तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

काम झाले की पत्तीला तेलाचा हात लावून कागदात गुंडाळून ठेवावी. मुंबई-कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो आणि गंजलेल्या कोपऱ्याला मुरड येत नाही. नवशिक्यांनी घरच्या टेबलावर पहिला हात मारू नये. सुताराकडून सागवानाचा एखादा टाकाऊ तुकडा आणावा आणि पापुद्रे निघेपर्यंत त्यावर सराव करावा. दोन संध्याकाळी पुरतात. घरात मुरड घालण्यात तरबेज असलेल्या गृहिणीला सळई देऊन पाहिली तर कदाचित एकच पुरेल.

वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. करंज्या आणि पत्ती, दोहोंची मुरड साधो!